जुना चांदीचा रुपया : पारख खऱ्याखोट्याची

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील बारडोली हे नाव १९२८ च्या शेतसारा सत्याग्रहामुळे देशभर दुमदुमले. तालुक्याच्या साऱ्यात सुमारे ३० टक्के वाढ करावी, अशी शिफारस प्रथम झाली होती. तत्कालीन मुंबई सरकारने ती २२ टक्क्यांच्या आसपास ठरविली. वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर जी ब्रूमफील्ड-मॅक्सवेल चौकशी झाली, तिने अवघी ६.०३ टक्के वाढ रास्त मानली. ज्या रुपयाच्या हिशेबाने हा सारा आकारला जाई, तो रुपया म्हणजे एक तोळा वजनाचे चांदीचे नाणे होते. कापसाची विक्री, सावकाराचे देणे, लग्नातील आहेर आणि सरकारी हप्ता या सर्व व्यवहारांत तेच नाणे फिरत असे.

ते नाणे व्यवहारातून कधीच गेले; परंतु घरांतून गेले नाही. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार या पट्ट्यात जुन्या पेट्यांतून, देव्हाऱ्यांतून आणि आदिवासी स्त्रियांच्या गळ्यातील रुपयांच्या माळांतून ते आजही आढळते. लक्ष्मीपूजनाला त्याची पूजा होते, अडीअडचणीला ते सराफाकडे जाते आणि वाटणीच्या वेळी त्याच्यावरून भावाभावांत शब्दही होतो. याच नाण्यांच्या नावाखाली खोट्या चकत्याही बाजारात येतात. खरा रुपया कवडीमोलाने विकला जाणे आणि खोट्यासाठी साठविलेला पैसा जाणे, हे दोन्ही प्रकार अज्ञानापोटी घडतात. हे टाळण्याची साधने फारशी खर्चाची नाहीत. थोडी माहिती, एक बारीक काटा आणि थोडा धीर एवढ्यावर बहुतेक प्रश्न सुटतात.

एक नव्हे, तीन प्रश्न

नाणे खरे की खोटे, असा एकच प्रश्न विचारला जातो. वस्तुतः त्यात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. धातू खरा आहे काय, हा पहिला प्रश्न. नाणे खरोखर टांकसाळीत पाडलेले आहे काय, हा दुसरा. नाण्यावरील साल व चिन्हे मूळची आहेत काय, हा तिसरा.

या तिन्हींची उत्तरे सारखीच येतील असे नाही. शुद्ध चांदीची पण गेल्या वर्षी घडविलेली प्रतिकृती पहिल्या कसोटीस उतरते, दुसऱ्या कसोटीस उतरत नाही. टांकसाळीतून आलेला अस्सल रुपया निकेलचाही असू शकतो. तो नाणे म्हणून खरा, परंतु चांदी म्हणून नव्हे. अस्सल चांदीच्या अस्सल रुपयावरील सालाचा एखादा अंक कोरून बदलला, तर पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अनुकूल येऊनही फसवणूक होतेच. म्हणून पारख करताना या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात.

या प्रदेशात कोणती नाणी सापडतात

मराठी कागदपत्रांत सुरत अठ्ठाविशी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मुलुखात नाण्यांची मोठी सरमिसळ होती. बारडोली ब्रिटिश अमलाखाली, तर शेजारचे व्यारा, सोनगड, महुवा आणि नवसारी हे भाग बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होते. एका शेताच्या बांधावर राज्य बदले आणि राज्याबरोबर रुपयाही बदले.

सर्वांत जुना थर हाताने ठसे मारून पाडलेल्या रुपयांचा. अकबराने १५७३ मध्ये सुरत जिंकल्यानंतर तेथे मोगली टांकसाळ चालली आणि सुरती रुपयाला पश्चिम किनाऱ्यावर मान मिळाला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने शाह आलम दुसरा या बादशहाच्या नावानेच सुरती रुपये पाडले. त्यांवर ४६ हे एकच राज्यवर्ष कायम ठेवले गेले. त्यामुळे त्या आकड्यावरून नाणे नेमके कोणत्या वर्षी पाडले, हे सांगता येत नाही. बडोद्याचा बाबाशाही रुपया, तसेच देशावरून येणारे अंकुशी व चांदवडी रुपये हेही अशाच हातठशाचे. एका रुपयाच्या बदल्यात दुसरा घेताना सराफ जी सूट कापून घेई, तिला बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागणे हा वाक्प्रचार या व्यवहाराची आठवण देतो. सरकारी खजिन्यात येणारे नाणे पारखण्याचे काम ज्याच्याकडे असे तो पोतदार. ते पद गेले, आडनाव राहिले.

दुसरा थर यंत्राने पाडलेल्या कलदार रुपयांचा. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या साऱ्या मुलुखासाठी एकच रुपया ठरविला गेला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात १६५ ग्रेन, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. उरलेला बारावा हिस्सा तांब्याचा. शंभर भागांत ही चांदी ९१.६७ भाग भरते. हेच वजन तोळ्याचे असल्यामुळे रुपया स्वतःच वजनाचे माप बनला. रुपयाभार हा शब्द त्यातूनच रूढ झाला आणि ८० रुपयाभारांचा शेर धरला जाई.

बडोद्यात सयाजीराव महाराज तिसरे यांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, महाराजांच्या मुखचित्राचे यंत्रावरील रुपयेही निघाले. त्यांवर देवनागरी अक्षरे आणि विक्रम संवताचे वर्ष आहे. संवतातून ५७ वजा केले की साधारणपणे इसवी सन मिळतो. संवत १९४८ म्हणजे सुमारे १८९१. हे न समजल्यामुळे १९४८ साली बडोद्याने असे नाणे कसे पाडले, असा प्रश्न पडून अस्सल नाणे खोटे ठरविले जाण्याचा संभव असतो.

मुखचित्र आणि साल यांचा मेळ

कलदार रुपयाची पहिली तपासणी डोळ्यांनीच होते. मुखचित्र, लेख आणि साल यांचा मेळ बसला पाहिजे.

१८३५ च्या रुपयावर चौथा विल्यम याचे मुखचित्र आहे. १८४० च्या रुपयावर तरुण व्हिक्टोरिया राणी आहे. या दोहोंच्या मागील बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असते. १८५८ मध्ये कंपनीचा कारभार संपला आणि १८६२ पासूनच्या रुपयांवर कंपनीचे नाव उरले नाही. १८६२ हे साल पुढील अनेक वर्षे ठशांवर तसेच राहिले. मागील बाजूवरील बारीक ठिपक्यांची संख्या व जागा निरनिराळी असल्याने अभ्यासक या रुपयांचे प्रकार पाडतात. १८७७ पासून राणीच्या नावापुढे सम्राज्ञी या अर्थाचा शब्द आला. हे सर्व लोकांचे राणीछाप रुपये.

१९०३ ते १९१० या सालांच्या रुपयांवर सातवा एडवर्ड आहे. त्याच्या मस्तकावर मुकुट नाही. १९११ पासून मुकुटधारी पाचवा जॉर्ज येतो. १९११ च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील हत्तीची आकृती अशी उमटली की, ती डुकरासारखी दिसते अशी तक्रार झाली. ती नाणी मागे घेण्यात आली आणि १९१२ पासून आकृती सुधारली गेली. १९३८ ते १९४५ या सालांच्या रुपयांवर सहावा जॉर्ज आहे.

महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, रुपयातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली. ५० भाग चांदी, ४० भाग तांबे, ५ भाग निकेल आणि ५ भाग जस्त असे तिचे मिश्रण ठरले. वजन मात्र ११.६६ ग्रॅमच राहिले. या रुपयांच्या कडेवर उभ्या रेघांच्या मधोमध एक खाच फिरविलेली असते. नक्कल करणाऱ्यास ती साधणे कठीण जावे, हा तिचा हेतू. १९४७ चा मागे वाघ असलेला रुपया शुद्ध निकेलचा आहे. त्यात चांदी मुळीच नाही.

कंपनीचे नाव आणि १८७७ चे साल, किंवा मुकुट नसलेल्या एडवर्डच्या चित्राखाली १९१५ चे साल, असा विसंगत मेळ दिसल्यास पुढील तपासणीची गरज उरत नाही. ते नाणे टांकसाळीचे नव्हे.

ठसा की ओतकाम

टांकसाळीत धातूच्या चकतीवर पोलादी ठसा प्रचंड दाबाने उमटविला जातो. बनावट नाणे बहुधा खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेले असते. या दोन कृतींतील फरक नाण्याच्या अंगावर राहतो. साध्या भिंगातून तो दिसतो.

ठशाच्या नाण्यावर अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि मधली सपाट जागा गुळगुळीत असते. ओतीव नाण्यावर अक्षरे मऊ, साबणावर उमटल्यासारखी दिसतात. सपाट जागेवर बारीक छिद्रे किंवा फोड असतात. कडेवर दोन साच्यांच्या सांध्याची रेघ आढळते. ती घासून काढली असल्यास कानशीचे ओरखडे राहतात. कलदार रुपयाच्या कडेवरील उभ्या रेघा सरळ व समान अंतरावर असाव्या लागतात.

दोन नाणी शेजारी ठेवल्यास आणखी एक गोष्ट उमगते. वापरातील झीज प्रत्येक नाण्याची निराळी असते. दोन रुपयांवर अगदी एकाच जागी, एकाच आकाराचा ओरखडा किंवा खळगा दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातून निघाले असा निष्कर्ष काढावा.

हातठशाच्या सुरती वा बाबाशाही रुपयास मात्र हे नियम जसेच्या तसे लावू नयेत. त्यांचा आकार किंचित वाकडातिकडा असतो. कडेवर रेघा नसतात. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे लेखाचा काही भागच उमटतो. अशा रुपयावर सर्व लेख काठोकाठ, नेटका आणि पूर्ण दिसणे हेच उलट संशयास्पद असते. त्यावरील लहान फुले, चांदण्या वा चौकोनी खुणा हे बहुधा पूर्वीच्या सराफांनी पारख करून मारलेले ठसे असतात. त्यांमुळे नाणे खोटे ठरत नाही.

वजन, आवाज आणि चुंबक

वजनासाठी शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा. कोरा कलदार रुपया ११.६६ ग्रॅम, अर्धा रुपया ५.८३ ग्रॅम, पावली २.९२ ग्रॅम आणि चांदीची दोनआणी १.४६ ग्रॅम भरते. रुपयाचा व्यास सुमारे ३०.५ मिलिमीटर असतो. वापराने वजन घटते, परंतु त्यालाही मर्यादा आहे. १९०६ च्या नाणे अधिनियमाप्रमाणे रुपयाचे वजन झिजेमुळे दोन टक्क्यांहून अधिक घटल्यास तो कायदेशीर चलन राहत नसे. म्हणजे सुमारे ११.४३ ग्रॅम ही त्याची खालची मर्यादा होती. माळेतील वा वर्षानुवर्षे घासलेला रुपया याहून थोडा हलका असू शकतो. परंतु अक्षरे ठळक असूनही वजन दहा ग्रॅम भरले, तर ती झीज नव्हे. वजन पावणेबारा ग्रॅमहून अधिक भरले, तर तेही तितकेच संशयास्पद होय. झिजून कोणतेही नाणे जड होत नाही.

आवाजाची कसोटी जुनी आहे. रुपया बोटाच्या टोकावर तोलून धरावा आणि दुसऱ्या नाण्याने कडेवर हलकेच टिचकी द्यावी. चांदीचा रुपया खणखणीत वाजतो आणि त्याचा नाद काही क्षण रेंगाळतो. शिसे वा कथिल मिसळलेले नाणे बद्द वाजते. मात्र अस्सल रुपयास बारीक चीर गेली असेल, किंवा माळेसाठी कडी डाखलेली असेल, तर तोही बद्द वाजतो. म्हणून केवळ आवाजावरून वडिलोपार्जित माळ खोटी ठरवू नये. रुपया फरशीवर आपटून पाहू नये. कडेला पडलेला ठोका कायमचा राहतो.

चुंबकाची कसोटी सर्वांत सोपी, पण सर्वांत अपुरी. चांदी चुंबकाकडे ओढली जात नाही. त्यामुळे ओढले जाणारे नाणे चांदीचे नाही, इतके निश्चित होते. परंतु तांबे, पितळ, शिसे आणि जर्मन सिल्व्हर हेही ओढले जात नाहीत. चुंबकाला चिकटले नाही म्हणून नाणे चांदीचे, हे अनुमान चुकीचे आहे. याउलट १९४७ चा निकेलचा रुपया अस्सल असूनही चुंबकाला जोरात चिकटतो.

पाण्यातील तोल

घरी किंवा शाळेत करता येणारी सर्वांत विश्वासार्ह कसोटी घनतेची आहे. आर्किमिडीजचा सिद्धान्त शिकविताना शिक्षकांना ती वर्गात सहज दाखविता येईल.

प्रथम नाण्याचे कोरडे वजन नोंदवावे. नंतर काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे धरावे. ते पेल्याच्या तळाला वा बाजूला टेकू देऊ नये. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून टाकावेत. आता काटा जितके ग्रॅम दाखवील, तितके घनसेंटिमीटर नाण्याचे आकारमान समजावे. कोरड्या वजनास या आकड्याने भागले की घनता मिळते.

११.६६ ग्रॅमचा पूर्ण चांदीचा रुपया पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅम दाखवितो. त्याची घनता १०.३ च्या आसपास येते. १९४० ते १९४५ चा निम्म्या चांदीचा रुपया सुमारे १.२२ ग्रॅम दाखवितो. घनता साडेनऊच्या जवळपास. त्याच वजनाची तांब्याची चकती १.३० ग्रॅम, तर पितळेची सुमारे १.३७ ग्रॅम दाखवील. चांदीचा मुलामा कितीही जाड असला तरी आतील पितळ या कसोटीतून लपत नाही.

तथापि हिलाही एक पळवाट आहे. शिसे चांदीहून जड आणि कथिल हलके. दोहोंचे योग्य मिश्रण केल्यास घनता चांदीइतकी आणता येते. पण असे मिश्रण मऊ असते, त्यावर अक्षरे धारदार उमटत नाहीत आणि ते वाजते बद्द. एका कसोटीची उणीव दुसरी भरून काढते ती अशी. सबब वजन, आकार, ठसा, आवाज आणि घनता या पाचही गोष्टी जुळल्याशिवाय निर्णय देऊ नये.

सराफ कसोटीच्या दगडावर नाणे घासून त्या रेघेवर आम्लाचा थेंब टाकतात. ही पद्धत अनुभवी हातांसाठी आहे. घरी नत्राम्ल वापरू नये. त्वचेला व डोळ्यांना त्यापासून गंभीर इजा होते आणि नाण्यावरही डाग पडतो. हॉलमार्क केंद्रांतील क्ष-किरण यंत्र नाण्यास धक्का न लावता मिश्रणाचे प्रमाण सांगते. परंतु ते केवळ वरच्या थराचे वाचन करते, ही मर्यादा ध्यानात ठेवावी. जाड मुलाम्याचे नाणे यंत्राने चांदीचे म्हटले, तरी पाण्यातील तोल ते उघडे पाडतो.

अंक बदललेली आणि कल्पित नाणी

दुर्मिळ सालाच्या रुपयास संग्राहक चांदीच्या भावाहून कितीतरी अधिक किंमत देतात. त्यामुळे सामान्य रुपयावरील साल बदलण्याचा मोह होतो. १९११ आणि १९३९ ही अशी साले. १९१२ चा रुपया १९११ चा करून दाखविला, तरी हत्तीची आकृती खरे साल सांगून जाते. १९३८ चा शेवटचा आठ कोरून नऊ केला असेल, तर भिंगाखाली त्या एका अंकाभोवतीची जागा खरवडलेली, खोलगट किंवा निराळ्या चमकेची दिसते.

काही चकत्या तर कोणत्याच खऱ्या नाण्याच्या नकला नसतात. एका बाजूस रामदरबार किंवा मारुती, दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १६१६, १८१८ किंवा १८३९ असे साल असलेल्या चकत्या खेडोपाडी दाखविल्या जातात. कंपनीने अशी नाणी चलनासाठी कधीही पाडली नाहीत. श्रद्धेने कोणी त्या देव्हाऱ्यात ठेवल्यास हरकत नाही. परंतु प्राचीन नाणे म्हणून त्यांना किंमत देऊ नये.

तांदूळ ओढणाऱ्या नाण्याची कथा याहून घातक आहे. अशा नाण्यात अद्‌भुत शक्ती असून परदेशात त्याला कोट्यवधी रुपये मिळतात, असे सांगून तपासणीच्या खर्चासाठी आगाऊ रक्कम उकळली जाते. कोणत्याही धातूचे नाणे तांदूळ ओढत नाही. दाखविणाऱ्याने तांदळात लोहकण मिसळलेले असतात किंवा नाण्यात चुंबक दडविलेला असतो.

जुनी नाणी लाखो रुपयांना घेतो, असे सांगून नोंदणी शुल्क, कर किंवा दलाली आगाऊ मागणारे दूरध्वनी व संदेशही येतात. यांत भारतीय रिझर्व्ह बँकेचे नाव वापरले जात असल्याचे आढळल्यावरून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढले. असे व्यवहार आपण करीत नाही, त्यांसाठी शुल्क वा दलाली घेत नाही आणि कोणासही तसा अधिकार दिलेला नाही, असे त्यात स्पष्ट केले आहे. या मार्गाने पैसे गेल्यास विलंब न करता १९३० या सायबर साहाय्य क्रमांकावर कळवावे.

किंमत आणि जपणूक

चांदीच्या किमतीचा हिशेब प्रत्येकास करता यावा. १९३९ पर्यंतच्या कलदार रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी आहे. १९४० ते १९४५ च्या रुपयात सुमारे ५.८३ ग्रॅम. झीज असल्यास त्या प्रमाणात ती कमी धरावी. त्या दिवसाच्या चांदीच्या ग्रॅमच्या भावाने या आकड्यास गुणले की धातूची किंमत मिळते. ही खालची पायरी होय. नाणे दुर्मिळ वा उत्तम स्थितीत असेल, तर किंमत त्याहून वर जाते. हा हिशेब केल्याशिवाय माळ मोडीत देऊ नये.

नाणे उजळविण्याचा मोह टाळावा. चिंच, रांगोळी, राख किंवा दातांची पेस्ट लावून घासल्याने अक्षरांची धार जाते. काळसर झाक हा दोष नव्हे; काळाने चढविलेला तो पापुद्रा असतो आणि जाणकार त्यावरूनही जुनेपणा ओळखतो. धूळ बसली असल्यास स्वच्छ पाण्यात बुडवून मऊ कापडाने टिपावे. नाणे कडेला धरून उचलावे आणि कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे.

कायदा काय सांगतो

घर पाडताना वा शेत नांगरताना नाण्यांचे मडके सापडल्यास ते वाटून घेणे किंवा वितळविणे गुन्हा ठरू शकते. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ठेव्याचा कोणी हक्कदार पुढे आला नाही आणि सापडणारा व जागेचा मालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्यास आणि उरलेला मालकास देण्याची तरतूद आहे. शासनाने ठेवा स्वतःकडे घेतल्यास त्याचे मूल्य दिले जाते. सूचना न देणाऱ्याचा हिस्सा जातो आणि त्यास एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. म्हणजे प्रामाणिकपणे कळविण्यातच सापडणाऱ्याचा लाभ आहे.

बारडोली भागातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आदी देशांत स्थायिक झाली आहेत. गावी आलेले आप्त आठवण म्हणून आजोबांचे रुपये बरोबर नेऊ इच्छितात. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे ही पुरावस्तू असून ती खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. राणीछाप आणि एडवर्डचे सर्व रुपये, तसेच पाचव्या जॉर्जचे १९२२ पर्यंतच्या सालांचे रुपयेही आता या मर्यादेत आले आहेत. नाण्याच्या वयाबद्दल शंका असल्यास प्रवासापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचा सल्ला घ्यावा.

खोटे नाणे खरे म्हणून जाणूनबुजून विकणे ही फसवणूक होय. भारतीय न्याय संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून अमलात आली असून तिच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्याची तरतूद आहे. विकत घेताना नाण्याचे वर्णन, वजन आणि किंमत लिहिलेली पावती घेतली असेल, तर तक्रारीस आधार मिळतो.

अभ्यासाच्या दृष्टीने ज्यांना अधिक जाणून घ्यावयाचे असेल, त्यांना नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्थेत आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अस्सल नाणी पाहावयास मिळतील. अस्सल नाणे वारंवार पाहिलेल्या डोळ्यास नक्कल लवकर ओळखू येते. शाळांनी गावातील दोन-चार खरे रुपये मागवून घेऊन विद्यार्थ्यांकडून त्यांचे वजन, घनता आणि साल यांची नोंद करून घेतली, तर विज्ञान व इतिहास या दोन्ही विषयांचा तो एक उत्तम पाठ होईल. त्याबरोबरच, आपल्या घरातील ठेव्याची किंमत दाराशी आलेल्या अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकण्याची वेळ त्या गावावर येणार नाही.